टेनोफोविरमुळे यकृतावरचा वण खरोखर मागे हटतो, की नुसता आकडा उतरतो?

द्राक्षमळा, तासगाव

नमस्कार. हा प्रश्न माझ्या थोरल्या भावासाठी विचारत आहे. दादाचे वय ४७ आहे, द्राक्षबाग आहे, आणि दारूला तो शिवतही नाही. दीड वर्षापूर्वी शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात त्याने रक्त दिले आणि आठवड्याभराने रक्तपेढीतून फोन आला की रक्तात हेपॅटायटिस बी आढळला आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या. तोपर्यंत त्याला कसलाही त्रास नव्हता. कावीळही आयुष्यात कधी झाली नव्हती.

पुढच्या तपासण्यांत विषाणूंची संख्या मिलिलिटरला ३८ लाख युनिट निघाली. यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटी १४२ आणि प्लेटलेट्स १ लाख ३२ हजार होत्या. सोनोग्राफीत यकृताची कड खडबडीत आणि प्लीहा थोडी मोठी दिसली. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा १५.२ किलोपास्कल आला. डॉक्टरांनी सिरॉसिसची, म्हणजे यकृत वणांनी भरून जाण्याची, सुरुवात झाल्याचे सांगून विषाणू थोपवणाऱ्या टेनोफोविरची ३०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी चालू केली. त्या दिवशी आई देवघरासमोर बसून राहिली ती रात्री जेवायलाही उठली नाही, कारण आमच्याकडे सिरॉसिस म्हणजे माणूस गेल्यातच जमा, अशी समजूत आहे.

आता चौदा महिने झाले. विषाणू रक्तात सापडत नाही, एसजीपीटी ३१ वर आला आहे, प्लेटलेट्स १ लाख ४१ हजार आहेत आणि फायब्रोस्कॅन ९.१ आला आहे. घरात आनंद आहे, पण त्याबरोबर वादही सुरू झाला आहे. मामांचे म्हणणे असे की, आजार गेला, आता ही गोळी मूत्रपिंड खराब करील, ती बंद करून गावाकडचे काविळीचे औषध द्यावे. मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे की, यकृतावरचा वण चौदा महिन्यांत खरोखर एवढा भरून आला आहे का, आणि आला असेल तर गोळी आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी अजून कशासाठी चालू ठेवायची?

सूक्ष्मदर्शी, पुणे

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि यकृताच्या बायॉप्सी, म्हणजे सुईने काढलेले तुकडे, वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. दादांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा समजावा. पण तुमच्या मुख्य प्रश्नावर मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा गैरसमज मला फार वेळा भेटतो आणि त्यातून माणसे गोळी सोडतात.

आधी गोळीबद्दल सांगते. ती कृपा करून बंद करू नका, आणि मामांच्या औषधाचा विचार तर मुळीच करू नका. ज्या यकृतावर आधीच वण आहेत, त्यावर घटक ठाऊक नसलेला काढा किंवा भस्म घालणे धोक्याचे आहे.

आता आकड्याकडे येऊ. फायब्रोस्कॅनला वण दिसत नाही. ते यंत्र बरगड्यांच्या मधून एक हलका धक्का देते आणि त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते मोजते. यकृत जितके कडक तितकी लहर वेगाने धावते. हा कडकपणा वणातल्या कोलॅजन या चिवट प्रथिनामुळे असतो, तसाच तो सुजेमुळेही असतो, आणि जेवण करून लगेच तपासणी केली तरी आकडा वर जातो. म्हणून निदान तीन तास उपाशी राहून तपासणी करायची असते. दादांची पहिली तपासणी झाली तेव्हा एसजीपीटी १४२ होता, म्हणजे यकृत सुजलेले होते आणि १५.२ या आकड्यात त्या सुजेचा वाटा नक्कीच होता. गोळीने विषाणू थोपवल्यावर सूज काही महिन्यांत ओसरते आणि आकडा झपाट्याने उतरतो. पहिल्या वर्षातली घसरण बहुतांशी या सुजेची असते. वणाची पीछेहाट तिच्यामागून, सावकाश, वर्षावर्षाने होत राहते.

याचा अर्थ दादांना सिरॉसिस नव्हताच, असा मात्र काढू नये. कमी प्लेटलेट्स, वाढलेली प्लीहा आणि खडबडीत कड ही तीन लक्षणे एकत्र दिसतात तेव्हा वणाची बैठक जुनी असते, ती केवळ सुजेने येत नाहीत. प्लेटलेट्स अजून दीड लाखाच्या खालीच आहेत, याकडेही लक्ष असू द्यावे.

वण मागे हटतो म्हणजे नेमके काय होते, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. यकृतात स्टेलेट नावाच्या पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवून निवांत पडलेल्या असतात. विषाणूमुळे शेजारच्या पेशी मरू लागल्या की त्या जाग्या होतात, रूप पालटतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. जखम बुजवण्याचीच ही धडपड असते, पण जखम वीस-तीस वर्षे थांबलीच नाही तर धाग्यांचे पट्टे होतात, पट्ट्यांच्या भिंती होतात, आणि भिंतींच्या आत पेशींच्या गाठी कोंडल्या जातात. त्यालाच आपण सिरॉसिस म्हणतो. यकृताकडे कोलॅजन विरघळवणारी विकरे (एन्झाइम) असतातच, मात्र स्टेलेट पेशी जाग्या असेपर्यंत त्या विकरांना अडवणारी प्रथिनेही तयार करीत राहतात. विषाणू थांबला की यांतल्या काही पेशी मरून जातात, काही पुन्हा शांत होतात, अडथळा उठतो आणि साफसफाई सुरू होते. म्हणजे औषध वणाला हातही लावत नाही. ते फक्त रोजची नवी जखम थांबवते, आणि पुढचे काम यकृत स्वतःच करते.

माझ्याकडे एकाच रुग्णाच्या सहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन बायॉप्सी आहेत. ट्रायक्रोम रंग दिला की पेशी लालसर दिसतात आणि कोलॅजन निळे दिसते. बायॉप्सीचा तुकडा दोनएक सेंटिमीटर लांब आणि शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक असतो. पहिल्या काचपट्टीवर त्या दोऱ्यात जाड, सलग निळ्या कड्या होत्या आणि प्रत्येक कडीत लाल पेशींचे बेट अडकलेले होते. कडीच्या काठाकाठाने सुजेच्या पेशी मुंग्यांसारख्या दाटल्या होत्या. दुसऱ्या काचपट्टीवर त्या मुंग्या नव्हत्याच. निळ्या कड्या केसासारख्या बारीक झाल्या होत्या, ठिकठिकाणी तुटल्या होत्या, आणि तुटलेल्या जागांमधून लाल पेशी पलीकडच्या पेशींना जाऊन मिळाल्या होत्या. एका टोकाला मात्र एक रुंद पट्टा जसाच्या तसा होता. फार जुन्या पट्ट्यांतले धागे एकमेकांत घट्ट सांधले गेलेले असतात आणि विकरांना दाद देत नाहीत. ती काचपट्टी मी विद्यार्थ्यांना दर वर्षी दाखवते, कारण सिरॉसिस कधीच उलटत नाही, हे वाक्य मलाही शिकताना घोकून घ्यावे लागले होते.

हा एकट्या रुग्णाचा योगायोग नव्हे. टेनोफोविरचा पाच वर्षांचा अभ्यास २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ३४८ रुग्णांची बायॉप्सी सुरुवातीला आणि पाच वर्षांनी अशी दोनदा झाली होती. निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५१ टक्के रुग्णांत वण मागे हटला. ज्या ९६ जणांना सुरुवातीला सिरॉसिस होता, त्यांपैकी ७१ जणांच्या पाचव्या वर्षीच्या बायॉप्सीत सिरॉसिस उरला नव्हता. उरलेल्या २५२ जणांपैकी नव्याने सिरॉसिस झालेले केवळ तिघे होते. पहिल्या वर्षीही बायॉप्सी झाली होती. त्या टप्प्यावर सूज ओसरलेली ठळक दिसत होती, वणातली मोठी सुधारणा त्यानंतरच्या चार वर्षांतली आहे. दादांचे चौदा महिने या हिशेबात कुठे बसतात, ते यावरून लक्षात येईल.

संख्याशास्त्र, कोल्हापूर

सूक्ष्मदर्शी यांचे विवेचन मला मान्य आहे. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो, आणि घरातल्या आजारपणामुळे हे निबंध मूळातून वाचले आहेत. त्या आकड्यांबरोबर त्यांच्या मर्यादाही प्रश्नकर्त्यांपर्यंत पोहोचाव्यात, असे मला वाटते.

त्या अभ्यासात सुरुवातीला ६४१ रुग्ण होते आणि दोन्ही बायॉप्सी ३४८ जणांच्याच झाल्या. पाच वर्षे नेटाने औषध घेऊन पुन्हा सुई टोचून घ्यायला तयार होणारी माणसे सर्वसाधारण रुग्णांसारखीच असतील, असे गृहीत धरता येत नाही. पोटात पाणी झालेले, रक्ताची उलटी झालेले रुग्ण त्यात घेतलेलेच नव्हते. शिवाय बायॉप्सीत यकृताचा पन्नास हजारावा भाग हाती येतो, त्यामुळे सुई कुठे शिरली यावरही एखादी पायरी इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून चारांतले तीन बरे झाले, हे वाक्य ज्यांचा आजार तोवर आटोक्यात होता अशांपुरतेच वाचावे. सुदैवाने दादा त्यांच्यातच मोडतात.

मला स्वतःला काचपट्टीपेक्षा दुसरा एक पुरावा अधिक मोलाचा वाटतो. वण मागे हटला तरी माणूस जगण्यात त्याचा काय फायदा, हे शेवटी विचारावेच लागते. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लॅमिव्युडिन या बी वरच्या जुन्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. वण खूप वाढलेल्या किंवा सिरॉसिस असलेल्या ६५१ रुग्णांपैकी काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. आजार बळावण्याचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १७.७ टक्के आणि औषध घेणाऱ्यांत ७.८ टक्के निघाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. लॅमिव्युडिनला विषाणू पुढे दाद देईनासा होतो, ही त्या औषधाची मोठी उणीव होती, आणि ज्यांच्यात तसे झाले त्यांचा फायदाही घटला. टेनोफोविर आणि त्याच कामाची दुसरी गोळी एंटेकाविर यांच्या बाबतीत ही अडचण फारच कमी येते.

आणखी एक गोष्ट. लॅन्सेटच्या अभ्यासात ज्यांचे वजन आटोक्यात होते, त्यांच्यात सिरॉसिस मागे हटण्याचे प्रमाण अधिक होते. दादांचे वजन आणि साखर किती आहे, हे आपण लिहिलेले नाही.

निवृत्त शिक्षिका, नागपूर

माझा आजार हेपॅटायटिस सी चा होता, तरीही लिहिते, कारण सहा महिन्यांची सोनोग्राफी कशाला, या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः भोगलेले आहे.

१९८७ मध्ये बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेत मला चार बाटल्या रक्त द्यावे लागले. हेपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ साली, त्यामुळे त्या रक्ताची तशी तपासणी होण्याचा प्रश्नच नव्हता. मला आजार असल्याचे २०१० मध्ये कळले. त्यानंतर एक वर्ष दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रायबाव्हिरिनच्या गोळ्या घेतल्या. इंजेक्शनच्या रात्री अंग थडथड उडायचे, केस गेले, वर्गात उभे राहण्याची ताकद उरली नाही, आणि औषध थांबवल्यावर तीन महिन्यांत विषाणू परत आला. पुढे सोफोस्बुविर हे नवे औषध आपल्याकडे भारतीय कंपन्या बनवू लागल्या आणि त्याची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. २०१६ मध्ये मी त्याच्याबरोबर डाक्लाटास्व्हिर चोवीस आठवडे घेतले. या वेळी अंगावर काहीच उठले नाही आणि विषाणू कायमचा गेला. सी चा विषाणू असा पुरता जाऊ शकतो, बी चा सहसा जात नाही, हा फरक मला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितला होता.

माझा फायब्रोस्कॅन २१ होता, तो तीन वर्षांत १२.४ वर आला. त्या सुमारास एका दवाखान्यात मला सांगण्यात आले की, काकू, तुम्ही बऱ्या झालात, आता येण्याची गरज नाही. मी घरी पेढे वाटले आणि दोन वर्षे एकही तपासणी केली नाही. मग माझ्या मुलीने हट्टाने सोनोग्राफीला नेले, तर यकृतात १.८ सेंटिमीटरची गाठ निघाली. ती कर्करोगाची होती. लहान असल्यामुळे सुईने जाळता आली आणि आज मी हे लिहू शकते आहे. जाळण्याच्या आधी टेबलावर पडल्यापडल्या मी मनात एवढाच हिशेब करत होते की, ही तपासणी आणखी एक वर्ष लांबली असती तर गाठ केवढी झाली असती. म्हणून मुला, आकडा ९ येवो की ६ येवो, दादाची सोनोग्राफी चुकवू नकोस.

सूक्ष्मदर्शी, पुणे

ताई, आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आपल्याला ज्या दवाखान्यात तसे सांगितले गेले, तिथे चूकच झाली. विषाणू गेल्यावर कर्करोगाचा धोका बराच घटतो, पण एकदा सिरॉसिस झालेल्या यकृतात तो शून्य होत नाही, म्हणून तपासणी चालूच ठेवायची असते.

बी च्या बाबतीत तर त्याला आणखी एक कारण आहे. या विषाणूचे मूळ बीज यकृतपेशीच्या केंद्रकात एका बंद वलयाच्या रूपाने बसून राहते. टेनोफोविर त्या बीजाच्या नव्या प्रती निघू देत नाही, बीज मात्र तसेच राहते. रक्तात विषाणू सापडत नाही, याचा अर्थ प्रती निघणे थांबले आहे एवढाच असतो. त्याशिवाय विषाणूच्या जनुकांचे काही तुकडे आपल्या पेशींच्या जनुकांत कायमचे मिसळून गेलेले असतात, आणि तेही कर्करोगाला निमित्त होऊ शकतात. गोळी बंद केली की बीज पुन्हा प्रती काढू लागते, कधी कधी काही आठवड्यांतच, आणि त्या उफाळ्यात सिरॉसिस असलेले यकृत कोलमडू शकते.

मांडवीकर, पणजी

याच ठिकाणी मला माझ्या सासऱ्यांबद्दल सांगावे लागेल. ते एंटेकाविर घेत होते. अहवालात विषाणू आढळला नाही, असे वाचून त्यांनी घरी कोणालाही न सांगता गोळ्या थांबवल्या. पाचव्या महिन्यात डोळे पिवळे झाले, पोट फुगू लागले, एसजीपीटी हजाराच्या पुढे गेला. गोळी पुन्हा सुरू केल्यावर सव्वा महिना रुग्णालयात काढून ते परत आले, पण त्यानंतर पोटातले पाणी काढण्यासाठी वर्षभर हेलपाटे घालावे लागले. त्यांच्या पलंगाखाली आम्हाला चार न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. खर्चाची काळजी हेही थांबवण्यामागचे एक कारण होते, असे नंतर कळले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हेपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर बी आणि सी या दोन्हींची औषधे मोफत मिळतात, ही माहिती आम्हाला आधी असती तर बरे झाले असते.

द्राक्षमळा, तासगाव

सर्वांचे उपकार कसे मानावेत ते कळत नाही. काकू, तुमचे उत्तर मी दादाला आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवले, आणि मामाही तिथेच बसून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, पण गोळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दादाचे वजन ८६ किलो आणि उंची ५ फूट ६ इंच आहे. साखर सीमेवर आहे, असे गेल्या खेपेला सांगितले होते आणि आम्ही ते यकृताच्या गडबडीत विसरून गेलो. मूत्रपिंडाची मामांची शंका अगदीच चुकीची आहे का, तेवढे सांगावे.

सूक्ष्मदर्शी, पुणे

शंका चुकीची नाही. त्यावर गोळी बंद करणे हा उपाय मात्र चुकीचा आहे. टेनोफोविरच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीने काही जणांच्या मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम होतो, म्हणून क्रिएटिनिन आणि फॉस्फरस ठरावीक काळाने तपासायचे असते. त्यात बिघाड दिसला तर टेनोफोविरचाच २५ मिलिग्रॅमचा दुसरा प्रकार किंवा एंटेकाविर हे पर्याय आहेत. हा बदल डॉक्टरच ठरवतील आणि त्यात एकही दिवस खंड पडणार नाही, हे पाहतील. एंटेकाविर मिळाले तर ते रिकाम्या पोटी, जेवणाआधी आणि नंतर दोन तासांचे अंतर ठेवून घ्यायचे असते. सासऱ्यांमुळे मांडवीकरांना हे ठाऊक असेलच.

वजन आणि साखर यांकडे आता गोळीइतकेच लक्ष द्या. यकृतात चरबी साठली तर तिची स्वतःची सूज सुरू होते, आणि विषाणू थांबलेला असूनही वण तयार होत राहतो. डोंगर हटवायचा म्हणून घाबरून जाऊ नये, सध्याच्या वजनातले सात-आठ किलो सावकाश उतरले तरी यकृताला ते कळते.

आणि एक विचारायचे राहिले. बी चा विषाणू पुष्कळदा आईकडून जन्माच्या वेळीच येतो. आईची, तुमची आणि वहिनींची तपासणी झाली आहे का?

द्राक्षमळा, तासगाव

नाही. हे आम्हाला सुचलेच नव्हते.

आज सकाळी आई, मी, वहिनी आणि दोन्ही मुले अशा पाच जणांचे रक्त देऊन आलो. धाकटा पुतण्या घाबरला होता, म्हणून दादाने त्याला मांडीवर घेतले आणि आधी स्वतःची बाही वर करून क्रिएटिनिनसाठी रक्त दिले. ज्यांचा अहवाल निर्दोष येईल आणि ज्यांना पूर्वी लस मिळालेली नसेल, त्यांना तीन डोस, पहिला लगेच, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी, असे तिथल्या सिस्टरांनी लिहून दिले आहे. आईचा अहवाल आल्यावर इथेच कळवतो.